सालीतलं तेल आणि बाटलीवरचे दावे



संत्र्याच्या सालीचा ताजा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून दुमडला, की सालीतून उडालेले बारीक तुषार पेट घेतात आणि क्षणभर तडतड होते. शाळकरी पोरांचा हा जुना उद्योग. तीच साल फुगवलेल्या फुग्यावर पिळली, तर फुगा बऱ्याचदा फटकन फुटतो. ज्योतीत जळणारं आणि रबराला विरघळवणारं हे द्रव्य म्हणजे सालीतलं तेल. आता तेच तेल गडद काचेच्या छोट्या बाटल्यांतून ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून विकलं जातं आणि बाटलीसोबत दाव्यांची भलीमोठी यादी येते. मन प्रसन्न होतं, प्रतिकारशक्ती वाढते, चेहरा उजळतो, जंतू मरतात, डास पळतात, लादी चकचकते. या यादीतलं खरं किती, अर्धंमुर्धं किती आणि धोक्याचं किती, याची छाननी हा आजचा विषय.

छाननीची सुरुवात फळापासूनच करायला हवी. लिंबू चिरलं की तीन वेगळ्या गोष्टी हाती येतात आणि बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात. एक म्हणजे रस. त्यातलं सायट्रिक आम्ल आंबट असतं आणि भांड्यांवरचा डाग, नळावरचा क्षार काढतं. दुसरं त्याच रसात विरघळलेलं क जीवनसत्त्व. तिसरं तेल. ते रसात नसतं, सालीच्या अगदी बाहेरच्या रंगीत थरातल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. साल उजेडात धरली की दिसणारे ठिपके म्हणजे या पिशव्या. त्याखालचा पांढरा, कापसासारखा थर कडवट असतो, पण तेलाच्या हिशेबात तो निरुपयोगी.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे लिंबाच्या तेलात ते नसतं. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्हीने आजारी पडलेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सावरली. तो गुण खाल्लेल्या फळाचा होता. लिंबाच्या तेलाचे दोन थेंब पाण्यात टाकून प्यायले, तर लिंडच्या खलाशांना मिळालं त्यातलं काहीच मिळत नाही. उलट पाण्यावर तरंगणारं तीव्र तेल घसा आणि जठर मात्र पोळतं. प्रतिकारशक्तीचा दावा इथेच निकालात निघतो.

मग तेलात असतं तरी काय? मुख्यतः लिमोनीन. गोड संत्र्याच्या तेलात ते ९० टक्क्यांहून जास्त असतं, लिंबाच्या (युरोपीय लेमनच्या) तेलात साधारण दोन-तृतीयांश. लिमोनीन ज्या टर्पीन कुळातलं आहे, त्या कुळाची घडी बसवून दिली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वॉलाख यांनी. त्यांना १९१० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत अशी, की लिंबाला लिंबाचा वास देणारा सिट्राल हा घटक तेलात जेमतेम काही टक्के असतो. ग्रेपफ्रूटचा वास ज्या गंधकयुक्त संयुगामुळे ओळखू येतो, त्याचं प्रमाण तर इतकं नगण्य असतं की नाकाखेरीज ते कुणाच्या लक्षातही येऊ नये. म्हणजे फळाची ओळख चिमूटभर घटकांवर ठरते, पण तेलाचं काम, चिकटपणा काढणं, पेट घेणं, प्लास्टिक विरघळवणं, हे सगळं लिमोनीन करतं.

या फळांच्या कुळाचं माहेर आपल्यापासून फार दूर नाही. २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गीय फळांचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात असल्याचं दाखवलं. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेक इथे लिंबूवर्गीय झाडांसाठी राखलेलं जनुक-अभयारण्य आहे. युरोपातलं लेमन हे म्हाळुंग आणि आंबट संत्रं यांच्या संकरातून आलं. म्हाळुंग मराठी माणसाला अनोळखी नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच फळ आहे. पपनस कोकणात गणपतीच्या माटोळीला टांगलं जातं. फळं जुनी, ओळखीची. बाटलीतलं तेल मात्र इटलीच्या वाटेने जगात पसरलं.

इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रियात रेज्जोच्या किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी आहे. जगातलं बहुतांश बर्गमॉट तिथेच पिकतं. फळ आंबट-कडू, खायला कुणी घेत नाही. पीक घेतलं जातं ते सालीसाठी. जुनी पद्धत अशी होती, की साल सोलून पाण्यात भिजवायची आणि समुद्री स्पंजावर हाताने दाबायची. स्पंजात तेल मुरायचं आणि मग तो पिळून घ्यायचा. १८४४ मध्ये निकोला बरिल्ला याने या कामासाठी यंत्र बनवलं. योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने १७०९ मध्ये जर्मनीतल्या कलोन शहरात सुरू झालेल्या पेढीतून जे सुगंधी पाणी युरोपभर पोचवलं, त्याच्या केंद्रस्थानी बर्गमॉटच होतं. अर्ल ग्रे चहाचा वासही त्याचाच.

लिंबूवर्गीय तेलांची एक खासियत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गुलाब, वाळा, गवती चहा यांचं तेल वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढतात. संत्रं, लिंबू, बर्गमॉट यांचं बहुधा साल नुसती दाबून काढतात. उष्णता न लागल्यामुळे ताज्या फळाचा वास टिकतो. पण वाफेबरोबर जे जड घटक वर आले नसते, तेही दाबलेल्या तेलात उतरतात. त्यातले काही कातडीला महागात पडतात. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी घरकाम, कारण या तेलाची बाजू सगळ्यांत भक्कम आहे ती तिथेच. नव्या बरणीवरचं लेबल काढल्यावर उरणारा चिकट थर साबणाने जात नाही. संत्र्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब कापसावर घेऊन लावले, पाच मिनिटं थांबलं आणि पुसलं, की जातो. कपड्याला लागलेलं च्युइंगगम, चपलेला लागलेलं डांबर, कात्रीच्या पात्यावरचा सेलोटेपचा गोंद, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर वर्षानुवर्षं बसलेला तेलकट काळा थर, या सगळ्यांवर ते चालतं. कारण सरळ आहे: तेलकट पदार्थ तेलकट द्रावकात विरघळतात आणि लिमोनीन हा उत्तम द्रावक आहे. कारखान्यांत यंत्रांचे भाग धुण्यासाठी ते टनांनी वापरलं जातं. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९० च्या दशकात थर्मोकोल विरघळवून त्याचा पुनर्वापर करण्यासाठी लिमोनीनच वापरलं होतं.

जे थर्मोकोल विरघळवतं, ते घरातलं बाकीचं प्लास्टिक सोडेल असं समजू नये. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग, अॅक्रिलिकचे पारदर्शक डबे, चष्म्याची फ्रेम, लाकडावरचं पॉलिश, यांवर ते डाग पाडतं किंवा त्यांना मऊ करतं. वापरण्याआधी कोपऱ्यात एक थेंब लावून बघायचं. आणि एक नियम कायमचा: गॅस चालू असताना शेगडीजवळ ही बाटली उघडायची नाही. साधारण ४८ अंश सेल्सिअसला लिमोनीनची वाफ ठिणगीने पेटू शकते. रॉकेलशी वागताना जी सावधगिरी घरोघरी होती, तीच इथे लागते.

लादी पुसण्याच्या बादलीत दहा थेंब टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगतं, फडक्याला एकाच जागी लागतं आणि पहिल्या दोन हातांत संपतं. आधी चमचाभर लिक्विड सोपमध्ये थेंब घोळवून मग ते पाण्यात टाकलं, तर ते सारखं पसरतं. तरीही लादी साफ करतो तो साबणच; तेल वास देतं. जंतुनाशकाचा दावाही याच मापाने तोलावा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ही तेलं काही जिवाणूंची वाढ रोखतात, पण तिथली तीव्रता बादलीतल्या दहा थेंबांत नसते. घरात उलटी-जुलाबाचा रोगी असेल, तर संडास-बाथरूमसाठी नेहमीचं जंतुनाशकच हवं.

आता बायो-एन्झाइम. पुण्या-मुंबईच्या किती तरी सोसायट्यांत गच्चीवर किंवा सिंकखाली एक बाटली मुरत असते. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा असतो. काचेची घट्ट बंद बाटली फुटू शकते, म्हणून प्लास्टिकची वापरतात. या द्रवात आंबवणीतून तयार झालेली आम्लं असतात, सालीतलं थोडं तेल असतं, आणि त्या दोघांमुळे सिंक, टाइल, बाथरूमच्या फरशा बऱ्यापैकी निघतात. मंडईतून आलेल्या साली कचऱ्यात जायच्या वाचतात, हा नफा वेगळा.

पण हा द्रव आम्ल आहे, हे विसरून चालत नाही. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही दगड चुनखडीचे. संगमरवरही त्याच जातीचा. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा बायो-एन्झाइम त्यावर सांडून राहिलं, की दगडाची झिलई जाते आणि पांढुरका डाग कायमचा बसतो. ग्रॅनाइटला तो त्रास नाही. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर यातलं काहीही मिसळू नये, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पितळेचं तबक लिंबू-मीठ लावून लख्ख होतं ते रसातल्या आम्लामुळे. तिथे तेलाची बाटली कितीही ओतली तरी हिरवट डाग जागचा हलत नाही. तसंच बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार काढायला तेल नको, सायट्रिक अॅसिडची पूड हवी. किराणा दुकानात ती ‘लिंबूफूल’ म्हणून स्वस्तात मिळते.

मुंग्या आणि डास हा पुढचा मुद्दा. संत्र्याचं तेल मुंगीच्या अंगावर पडलं, तर तिच्या कवचावरचा मेणाचा थर विरघळतो आणि ती मरते. ओट्यावरची वासाची वाटही पुसली जाते, त्यामुळे रांग थोडा वेळ विस्कटते. वारूळ मात्र शाबूत राहतं. डासांच्या बाबतीत सालीची तेलं इतक्या लवकर उडून जातात की संरक्षण फार वेळ टिकत नाही. गवती चहा, सिट्रोनेला आणि लेमन युकॅलिप्टस या नावांतून लिंबाचा भास होतो, पण पहिली दोन गवतं आहेत आणि तिसरा निलगिरीचा भाऊबंद. लेमन युकॅलिप्टसपासून शुद्ध करून मिळवलेलं पीएमडी हे रसायन डासांवर खरोखर टिकतं. लिंबाच्या तेलाला ते श्रेय देता येत नाही. डेंगीच्या दिवसांत मच्छरदाणी आणि साचलेलं पाणी यांकडेच लक्ष द्यावं.

मनाच्या प्रसन्नतेचा दावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हिएन्नात २००० साली योहान लेरनर आणि सहकाऱ्यांनी दातांच्या दवाखान्यात ७२ रुग्णांची तपासणी केली. काहींच्या प्रतीक्षागृहात संत्र्याच्या तेलाचा मंद वास सोडला होता, बाकीच्यांच्या नाही. वास असलेल्या खोलीतल्या बायकांची धास्ती कमी आणि मनःस्थिती बरी आढळली. पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. २००५ साली त्यांनी २०० रुग्णांवर संत्रं आणि लॅव्हेंडर यांचा पुन्हा प्रयोग केला, तेव्हाही धास्ती कमी झाल्याचं दिसलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांच्या चमूने ५६ निरोगी लोकांना लिंबाचा, लॅव्हेंडरचा आणि नुसत्या पाण्याचा वास दिला. लिंबाने मनःस्थिती सुधारली, आणि अपेक्षा काय होती यावर ते अवलंबून नव्हतं. पण त्याच लोकांच्या त्वचेची झीज भरून येण्याचा वेग, वेदना सहन करण्याची ताकद आणि प्रतिकारशक्तीच्या मोजमापांत सुधारणा झाली नाही. एका प्रयोगात दाव्याची दोन्ही टोकं सापडली: बरं वाटणं खरं, बरं होणं नाही.

गरोदरपणातल्या मळमळीबद्दलही इराणमध्ये १०० स्त्रियांवर अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंबाच्या तेलाचा वास घेतलेल्या गटात मळमळ कमी राहिली. वास घेणं आणि पोटात घेणं यात फरक आहे. पहिल्यासाठी रुमालावर एखादा थेंब पुरतो, किंवा ताजं लिंबू नखाने खरवडलं तरी तेच तेल मिळतं. दुसऱ्यासाठी कुठलाच आधार नाही.

घरकाम आणि मन यांचा सांधा जोडणारा एक प्रयोग नेदरलँड्समधला आहे. २००५ साली रॉब हॉलंड आणि सहकाऱ्यांनी एका खोलीत लिंबूवर्गीय वासाच्या क्लीनरची बादली दडवून ठेवली. त्या खोलीत बसून आलेल्या माणसांना नंतर भुगा पडणारं बिस्किट खायला दिलं, तेव्हा त्यांनी टेबलावरचा चुरा इतरांपेक्षा जास्त वेळा झटकला. वास आल्याचं बहुतेकांच्या ध्यानातही नव्हतं. भांड्यांच्या साबणापासून फिनाइलपर्यंत सगळ्यांना लिंबाचा वास का देतात, याचं उत्तर या बादलीत बरंचसं आहे. या वासाशी स्वच्छतेची सांगड इतकी घट्ट बसली आहे, की वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली असं वाटतं. ती झालेली असतेच असं नाही.

आता कातडी. बर्गमॉटच्या दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं संयुग असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखा लाल चट्टा उठतो, फोड येतात आणि नंतर काळा डाग महिनोन् महिने राहतो. मानेवर कलोन शिंपडून उन्हात गेलेल्यांच्या गळ्यावर ओघळाच्या आकाराचे डाग पडलेले युरोपातल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टिपले होते. बर्गाप्टेन आणि अतिनील किरण यांचा संयोग माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण सांगतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना इफ्रा हिने त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के ठेवली आहे. दाबलेल्या लाइम तेलाची ०.७, लेमनची २ आणि ग्रेपफ्रूटची ४ टक्के. गोड संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही. वाफेवर काढलेल्या लाइम तेलालाही नाही, कारण बर्गाप्टेन आणि त्याची भावंडं वाफेबरोबर वर येत नाहीत.

हे आकडे घरात कसे मोजायचे? साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब म्हणजे एक टक्का. बर्गमॉटचे त्यात दोनच थेंब बसतात. त्यातूनही अंगाला लावलं तर रात्री लावावं आणि दुसऱ्या दिवशी उन्हाआधी धुऊन टाकावं. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या सालीचं चूर्ण घालतात, त्याचा दाखला देऊन थेट तेल चेहऱ्यावर चोळायचा सल्ला दिला जातो. वाळवलेल्या, कुटलेल्या सालीत तेल फारसं उरलेलं नसतं आणि उटणं लगेच धुतलंही जातं; बाटलीतलं तेल कैक पटींनी तीव्र असतं.

जुनी बाटली हा वेगळाच धोका. हवा लागली की लिमोनीन ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात. ताजं लिमोनीन त्वचेला फारसं त्रास देत नाही. हे ऑक्सिडीकृत रूप मात्र अॅलर्जी निर्माण करतं, हे स्वीडनमधल्या अॅन-थेरेस कार्लबर्ग यांच्या संशोधनाने दाखवलं. युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर लिमोनीनचं नाव छापणं २००५ पासून बंधनकारक आहे. म्हणून बाटली गडद काचेची असावी, झाकण घट्ट असावं, ती फ्रीजमध्ये किंवा थंड कपाटात ठेवावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. वर्षभरानंतर उरलेलं तेल अंगाला न लावता गोंद काढायला वापरावं.

हवेतही हेच रसायन चालतं. बाहेरच्या हवेतला ओझोन खिडकीतून आत येतो आणि लिमोनीनशी गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. विल्यम नझारॉफ आणि चार्ल्स वेश्लर यांनी २००४ मध्ये स्वच्छतेची उत्पादनं आणि घरातली हवा यांच्या आढाव्यात हे सविस्तर मांडलं. त्यामुळे डिफ्यूझर रात्रभर चालू ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं पुरे. ओझोन सोडणारं हवाशुद्धीकरण यंत्र सुरू असलेल्या खोलीत तर तो लावूच नये. दमेकरी घरात असेल तर डिफ्यूझर टाळलेला बरा. मांजरांचं यकृत हे घटक नीट निपटू शकत नाही. त्यांच्या अंगावर तेल लावणं किंवा ती चाटतील अशा लादीवर ते ठेवणं धोक्याचं. आणि लहान मुलाने बाटली तोंडाला लावली, तर उलटी करवू नये, कारण तेल श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसाला इजा होते. बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावं.

शेवटी विदर्भाकडे वळावं लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसले दुसरे यांनी औरंगाबादहून आणवलेलं संत्रं नागपुरात रुजलं, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वरूड-मोर्शीच्या बागा, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे सगळं तिथेच आहे. तरीही बाजारातलं बहुतेक स्वस्त संत्रा तेल ब्राझीलचं असतं. तेल हे रसाच्या कारखान्याचं जोडउत्पादन आहे. साओ पावलोच्या पट्ट्यात डोंगराएवढी फळं एका जागी पिळली जातात, म्हणून तिथे तेलही निघतं. फ्लोरिडात ग्रीनिंग रोगाने बागा बसल्या, २००३-०४ मधल्या सुमारे २४ कोटी पेट्यांचं उत्पादन २०२३-२४ मध्ये दोन कोटींच्या आत आलं, तसा ब्राझीलवरचा भार आणखी वाढला.

नागपुरी संत्रं सैल सालीचं, हाताने सोलून खाण्याचं. त्याची साल रेल्वेच्या डब्यात, शाळेच्या मैदानात, घरोघरच्या कचऱ्यात विखुरते, आणि विखुरलेल्या सालीतून तेल काढणं परवडत नाही. आता नागपूरच्या मिहानमध्ये मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला आहे. दिवसाला ८०० टन फळांची क्षमता त्याची सांगितली गेली. असे प्रकल्प चालले तर साल प्रथमच ढिगाने एका जागी जमेल. तो ढीग तसाच बायोगॅसच्या टाकीत लोटला, तर लिमोनीन टाकीतल्या जिवाणूंचं काम मंदावतं. तेल आधी काढलं तर ती अडचण कमी होते, चोथ्यातून पेक्टिन मिळतं, पशुखाद्यही होतं. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत बारीक, डागाळलेल्या फळाला मातीमोल भाव घेणाऱ्या बागायतदाराला मग व्यापाऱ्याशी बोलताना रसाबरोबर सालीचाही दर विचारता येईल.